खट, ठण, पिंग: आवाजाच्या शब्दांना अर्थ चिकटतात कसे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. खटका, फटका, ठोका, क्लिक, पिंग हे शब्द आवाजाच्या नकलेतून आले असं कोश सांगतात. मग एकाच ‘खट’मधून विजेचं बटण, दोघांमधली चकमक आणि गाण्यातली एक जागा असे तीन अर्थ कसे निघाले? यंत्रात किंवा शास्त्रात गेल्यावर अशा शब्दाचं नेमकं काय होतं? आणि एखादा शब्द खरोखर आवाजावरून आलाय की नुसता तसा वाटतोय, हे तपासायचं कसं?

सगळ्यात आधी एक गैरसमज बाजूला काढू. ‘खट’ या आवाजात बटण, भांडण वगैरे काहीच दडलेलं नसतं. अर्थ असतो तो आवाज करणाऱ्या घटनेत. कशावर काय आपटलं, त्यानं काय उघडलं किंवा तुटलं, आणि आवाज ऐकून ऐकणाऱ्यानं काय ओळखलं, या तीन गोष्टींतून अर्थ येतो. त्यामुळे कोशाचं काम करताना ‘खट म्हणजे काय?’ असं विचारून हाती काही लागत नाही. ‘खट कशाचं झालं?’ असं विचारलं की नोंद आपोआप सुटी होत जाते.

या शब्दांकडे आपल्याकडे फार आधीपासून लक्ष गेलेलं आहे. वेदांतल्या शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या यास्कानं आपल्या ‘निरुक्त’ ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात ‘काक’ हा शब्द आवाजाची नक्कल आहे, पक्ष्यांच्या नावांत असं पुष्कळदा दिसतं, असं म्हटलंय. आणि लगेच औपमन्यव या दुसऱ्या जुन्या आचार्याचं विरुद्ध मतही नोंदवलंय की नक्कल वगैरे काही नसतं, ज्याला हाकलून लावायचं तो काक. म्हणजे आज चालणारा वाद तेव्हाही चालू होता. पाणिनीनं तर नियमच बांधला. अस्फुट आवाजाची नक्कल करणाऱ्या शब्दाला ठरावीक परिस्थितीत ‘डाच्’ प्रत्यय लागतो आणि ‘पटत्’पासून ‘पटपटाकरोति’ तयार होतं (अष्टाध्यायी ५.४.५७). यातली लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे ‘इति’ पुढे आलं तर हा प्रत्यय लागत नाही. ‘पट असा आवाज झाला’ हे अवतरण, आणि ‘पटपटणे’ हा भाषेत मुरलेला शब्द, दोन्ही वेगळे. मराठीतही हीच सीमारेषा आहे. ‘दार खट झालं’ इथे अजून आवाजच आहे. ‘ते मला खटकलं’ इथे आवाज संपलेला आहे.

आता ‘खटका’ जवळून पाहू.

कडी, कुलूप, पेटीची पट्टी, उंदराचा सापळा, बंदूक या सगळ्यांत एक भाग ताणून किंवा दाबून धरलेला असतो आणि तो सुटला की ‘खट’ होतं. तो सुटणारा भाग म्हणजे खटका. आवाजाचं नाव आवाज करणाऱ्या भागाला मिळालं, ही पहिली पायरी. विजेच्या बटणाला तेच नाव लागलं, त्याला केवळ ‘आवाज सारखा येतो’ एवढंच कारण नाही. आत यंत्रणाही त्याच जातीची असते. दोन धातूचे तुकडे सावकाश दूर नेले तर त्यांच्यामधल्या फटीत ठिणगी टिकून राहते आणि तुकडे जळत जातात. म्हणून आत स्प्रिंग असते. बोटानं पट्टी अर्ध्याच्या पुढे ढकलली की उरलेलं काम स्प्रिंग झटक्यात करते, बोट कितीही हळू फिरलं तरी. या झटक्याचा आवाज म्हणजे ‘खट’. ज्या बटणाचा खटका ढिला पडतो, आवाज बसतो, ते बटण पुढे गरम होऊ लागतं यात नवल नाही. स्प्रिंग दमली की ठिणगी लांबते. म्हणजे इथे आवाज हा यंत्रणा ठीक असल्याचा पुरावा असतो. नाव टिकायला असा पुरावा फार उपयोगी पडतो.

दुसरी वाट माणसांकडे जाते. ‘त्या दोघांत खटका उडाला.’ इथे दोन कठीण वस्तू एकमेकींवर आपटल्या, ठिणगी पडली, एवढाच भाग घेतला. तिसरी वाट मनाकडे: ‘वाक्यातला तो शब्द खटकतो.’ सरळ चाललेल्या हालचालीत मध्येच काहीतरी अडलं. गाडीचं चाक दगडावरून गेल्यावर बसतो तसा धक्का, पण मनाला. चौथी वाट संगीताची. हिंदुस्तानी गायनात खटका म्हणजे एका मुख्य स्वराभोवतीचे स्वर झटक्यानं, ठळकपणे, एका गुच्छात घेणं. मुरकीतही स्वरांचा गुच्छच असतो, पण ती मऊ वळते. खटक्यात आघात ऐकू यायलाच हवा. म्हणून खटका सैल घेतला तर जाणकार ‘खटका नीट आला नाही, मुरकी झाली’ म्हणतात. पारिभाषिक अर्थ असा शेजाऱ्याशी सीमा आखून जगतो.

हे चारही अर्थ लिखाणात वेगळे कसे ओळखायचे? सोबतचं क्रियापद पाहा. बटणाचा खटका *दाबतात*, भांडणाचा खटका *उडतो*, गाण्यातला खटका *घेतात*. मनाच्या अर्थाला नाम जवळजवळ लागतच नाही, तिथे सरळ ‘खटकणे’ येतं. आवाजाच्या शब्दांबाबत सोबतच्या क्रियापदाइतकं भरवशाचं साधन दुसरं नाही. ‘झटका’ घ्या. विजेचा झटका *बसतो*, हृदयविकाराचा झटका *येतो*, लहरीचा झटकाही *येतो*, आणि हाताला झटका *देतात*. ‘फटका’ तर नमुनाच आहे. चाबकाचा ‘फट’ आवाज हे मूळ. क्रिकेटमध्ये फटका *मारतात*, शेतीला अवकाळीचा फटका *बसतो*, आणि शाहिरी कवितेत ‘फटका’ *रचतात*, तो अनंत फंदींमुळे सर्वांना माहीत झालेला उपदेशपर काव्यप्रकार. उपदेशाच्या कवितेला चाबकाच्या आवाजाचं नाव मिळावं, यातलं कारण वेगळं सांगायला नको. मारणारा, सोसणारा आणि रचणारा असे तीन कर्ते झाले की तीन नोंदी होतात. कोशात त्या एकाच स्वल्पविरामानं जोडून टाकल्या तर वाचणाऱ्याला काही कळत नाही.

क्रियापदाआधीचा टप्पा म्हणजे प्रत्यय. मराठीत नुसत्या आवाजाला अर्थाची दिशा देण्याचं काम प्रत्यय करतात, आणि ते बऱ्यापैकी शिस्तीनं करतात. ‘–कन’ किंवा ‘–दिशी’ लागलं की एकदाच आणि अचानक घडलेली गोष्ट: खटकन, खाडकन, धाडदिशी. ‘–का’ किंवा ‘–आका’ लागलं की त्या आघाताचं नाम: दणका, चटका, फटाका, धडाका. दुप्पट होऊन ‘–आट’ लागलं की भरून राहिलेला, लांबलेला आवाज: गडगडाट, चिवचिवाट. ‘–ईत’ लागलं की आवाजावरून ओळखलेला गुण: खणखणीत, दणदणीत, झणझणीत. नुसती ‘–ई’ लागली की बऱ्याचदा तो आवाज करणारी वस्तू: फटफटी.

हा फरक एकाच ध्वनीवर पाहायचा असेल तर ‘ठण’ घ्यावा. ‘ठणठणीत’ म्हणजे निरोगी, धडधाकट. ‘ठणठणाट’ म्हणजे काहीच शिल्लक नाही. मूळ ध्वनी एकच, अर्थ जवळजवळ उलट. दोन्ही अर्थांच्या मागे भांडं आहे. मडकं किंवा धातूचं भांडं घेताना त्यावर बोटाचं पेर आपटून बघतात. भांडं अखंड असेल तर सगळी भिंत एकत्र थरथरते आणि आवाज काही क्षण टिकतो. बारीक चीर असेल तर चिरेच्या दोन कडा एकमेकींवर घासतात, थरथरण्याची ताकद तिथेच जिरते आणि आवाज बद्द येतो. चीर डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळते. ठणठणीत प्रकृतीत ही परीक्षा आहे: वाजवून पाहिलं, कुठे चीर नाही. आता तेच भांडं भरलेलं असेल तर? आतलं धान्य किंवा पाणी भिंतीची थरथर दाबून टाकतं आणि ठण येतच नाही. म्हणजे भांडं जोरात वाजतंय याचा अर्थ आत काही नाही. ठणठणाट आणि ठणठणगोपाळ इथून आले. पहिल्या अर्थात भिंत तपासली, दुसऱ्यात पोट. आणि ‘दाढ ठणकते’ यात तिसरीच गोष्ट उचलली: ठराविक अंतरानं परत परत पडणारा घाव. ‘ठणकावून सांगणे’ त्याच घावाचं बोलणं.

‘तिजोरीत खडखडाट’ याचीही घडण हीच. गच्च भरलेल्या डब्यात नाणी हलत नाहीत. दोनचारच असली की खडखडतात. बातमीच्या मथळ्यात ‘खडखडाट’ वाचताना आता कुणाच्या कानाला नाण्यांचा आवाज येत नसेल, पण शब्दाची निवड त्या डब्यानंच केली आहे. ‘खणखणीत’ मात्र नाण्याच्या दुसऱ्या परीक्षेवरून: अस्सल चांदीचं नाणं दगडावर टाकलं की स्वच्छ वाजतं, भेसळीचं बसक्या आवाजात. पुढे खणखणीत आवाज, खणखणीत उत्तर, खणखणीत इशारा. तिथेही ‘भेसळ नाही’ हा भाग सुटलेला नाही, म्हणूनच ‘खणखणीत संशय’ असं कुणी म्हणत नाही.

अर्थव्यवहारात गेलेला सगळ्यात चांगला शब्द माझ्या मते ‘गडगडणे’. ढग गडगडतात आणि उतारावरून दगडही गडगडत येतो. भाव गडगडतात ते दगडासारखे. बाजाराच्या बातम्या लिहिणारे घसरणे, गडगडणे आणि कोसळणे हे तीन शब्द मनाला येईल तसे वापरतात, पण त्यांच्यात फरक आहे आणि तो आवाजानंच ठरवलाय. घसरण शांत असते, थांबूही शकते. कोसळणं एका दणक्यात होतं. गडगडण्यात एकामागून एक टप्पे असतात, प्रत्येक टप्प्यावर आपटत खाली येणं असतं आणि मध्ये थांबायची सोय नसते. चार दिवस सलग पडलेल्या भावाला ‘गडगडले’ बरोबर. एका सकाळी निम्म्यावर आलेल्याला ‘कोसळले’.

‘घरघर’ वैद्यकाकडून आली. अखेरच्या अवस्थेत रोग्याला घशातला स्राव गिळता किंवा खोकून टाकता येत नाही, श्वास त्यातून वाट काढतो आणि घरघर ऐकू येते. ‘हस्तव्यवसायांना घरघर लागली’ या वाक्यात क्रियापद बघा: *लागली*. जात्याची घरघर *होते*, *चालते*. लागते ती फक्त आजारासारखी. म्हणून लाक्षणिक घरघरीचं मूळ जात्यात नाही, रोग्याच्या खाटेवर आहे, हे एका क्रियापदानं सिद्ध होतं.

‘दंड ठोठावला’बद्दल एक गोष्ट सर्रास सांगितली जाते: न्यायाधीश हातोडी आपटतात, त्या आवाजावरून ठोठावणे. ऐकायला छान आहे, पण इथल्या न्यायालयांत हातोडी आपटायची पद्धत नाही. ती पडद्यावर पाहिलेली. शब्दाची घडण ‘ठो ठो’ची आहे, दार ठोठावण्यातली. तिला शेजार मिळाला ‘ठोकणे’च्या कुटुंबाचा: टाळं ठोकणे, दावा ठोकणे, सलाम ठोकणे, षटकार ठोकणे. या सगळ्यांत ‘पक्कं, परत न काढता येईल असं लावून टाकणं’ आहे. शिक्षाही तशीच लावली जाते. सुंदर गोष्ट हाती आली की आधी तिच्यावरच संशय घ्यावा, हा व्युत्पत्तीतला जुना धडा.

आता तांत्रिक अर्थाकडे. रोजच्या अर्थात शब्द पसरत जातो, तांत्रिक अर्थात आक्रसतो. आक्रसण्याची खूण म्हणजे तिथे काहीतरी मोजता येऊ लागतं. ‘ठोका’ हा शब्द घड्याळात तास मोजतो आणि छातीत हृदयाची गती. प्रौढ माणसाचे विश्रांतीच्या स्थितीत मिनिटाला साधारण ६० ते १०० ठोके. ‘काळजाचा ठोका चुकला’ म्हणणाऱ्याला भीती सांगायची असते. डॉक्टरनं लिहिलेला चुकलेला ठोका आलेखावर दाखवता येतो. ‘दहाच्या ठोक्याला हजर’ यात तर आवाज पूर्ण गेला, अचूक क्षण तेवढा राहिला. आवाज न करणाऱ्या घड्याळावरही दहाचा ठोका पडतोच.

हृदयाच्या आवाजातच आणखी एक नमुना मिळतो. नेहमीच्या दोन आवाजांना ‘लब-डब’ म्हणतात. पहिला आवाज हृदयाचे वरचे कप्पे (अलिंद) आणि खालचे कप्पे (निलय) यांच्यामधल्या झडपा मिटण्याचा, दुसरा निलयातून बाहेर पडणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटण्याचा. नुसती नक्कल, पण त्या नकलेतल्या दोन अक्षरांना नेमून दिलेलं काम आहे. या दोहोंच्या मधल्या जागेत ऐकू येणारी कुजबुज म्हणजे मर्मर. ‘मर्मर’ संस्कृतात जुना आहे आणि तिथेही तो काटेकोर होता: अमरकोशात वस्त्रांच्या आणि पानांच्या सळसळीला मर्मर, दागिन्यांच्या आवाजाला शिञ्जित. इंग्रजीतला ‘मर्मर’ लॅटिनमधून आला, अर्थ ‘पुटपुट’, आणि दोघांची घडण एकसारखी आहे. स्टेथोस्कोप १८१६ साली लाएनेक या फ्रेंच डॉक्टरनं तयार केल्यावर छातीतल्या आवाजांना वेगवेगळी नावं देणं भाग पडलं, कारण प्रत्येक आवाजामागे वेगळा दोष होता. आज मर्मरची तीव्रता सहा श्रेणींत लिहितात. गंमत अशी की चौथ्या श्रेणीपासून ती हाताच्या तळव्यालाही जाणवते आणि सहाव्या श्रेणीत स्टेथोस्कोप छातीपासून किंचित उचलला तरी ऐकू येते. रोजच्या भाषेतल्या मर्मरचा ‘हलका’ हा मुख्य गुण शास्त्रानं काढून टाकला. तांत्रिक अर्थ बोलीतल्या अर्थाचा उपविभाग असतो असं समजणाऱ्यांनी हा शब्द समोर ठेवावा.

‘पिंग’चा प्रवास अलीकडचा असल्यामुळे पायऱ्या स्वच्छ दिसतात. इंग्रजीत तो आधी धातूवर काहीतरी आदळल्याचा छोटा, खणकदार आवाज होता. पाणबुड्या शोधण्याच्या यंत्रातून सोडलेल्या ध्वनीच्या छोट्या ठोक्याला नाविकांनी तेच नाव दिलं. यंत्राचं काम सोपं आहे: पाण्यात आवाज सोडायचा, प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते मोजायचं. पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. प्रतिध्वनी दोन सेकंदांनी आला तर जाण्यायेण्याचं मिळून ३००० मीटर, म्हणजे वस्तू १५०० मीटरवर. डिसेंबर १९८३ मध्ये माइक म्यूस यांनी संगणकांच्या जाळ्यातली अडचण शोधण्यासाठी छोटा प्रोग्राम लिहिला आणि या यंत्रावरूनच त्याला ‘पिंग’ नाव दिलं. तो दुसऱ्या संगणकाकडे ‘प्रतिध्वनी पाठव’ अशी विनंती पाठवतो आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते छापतो. इथे आवाज कुठेच नाही. टिकला तो घटनेचा सांगाडा: सोडलं, आपटलं, परत आलं, वेळ मोजला. पिंगची अक्षरं म्हणजे एका लांब नावाची आद्याक्षरं, असा उलगडा मागाहून जोडला गेला. नाव आधी होतं.

त्यानंतर दोन फाटे फुटले. ऑनलाइन खेळ खेळणारे ‘पिंग जास्त आहे’ म्हणतात. तिथे पिंग म्हणजे प्रोग्रामही नाही, संदेशही नाही, फक्त वेळ. आणि कचेऱ्यांमध्ये ‘मला पिंग कर’ म्हणजे छोटा निरोप टाक. दुसऱ्या फाट्यात मोजमाप गळालं, ‘तू आहेस ना?’ एवढं उरलं. फरक लक्षात न घेतल्यानं घोळ होतात. तंत्रज्ञ ‘सर्व्हर पिंगला उत्तर देत नाही’ म्हणतो तेव्हा ऐकणारा ‘सर्व्हर बंद पडला’ असं धरून चालतो. प्रत्यक्षात वाटेतली सुरक्षाभिंत (फायरवॉल) असल्या विनंत्या अडवून ठेवत असेल आणि सर्व्हर बाकी सगळी कामं नीट करत असेल. प्रतिध्वनी आला तर यंत्र आहे हे नक्की. आला नाही तर काहीच नक्की नाही.

मराठीत पिंग आला तो नकलेचा शब्द म्हणून नाही. आपल्या कानाला तो आवाज ‘टुंग’ किंवा ‘टिंग’ वाटेल. उसन्या घेतलेल्या आवाजाच्या शब्दाचं असंच होतं: मूळ भाषेत तो वाजत असतो, आपल्याकडे मुका येतो. ‘झिप’ही तसाच. इंग्रजीत सर्रकन जाण्याचा आवाज, मग १९२३ मध्ये गुडरिच कंपनीनं ओढून बंद करायच्या बुटांना त्यावरून नाव दिलं, १९८९ मध्ये फिल कॅट्झ यांच्या झिप फाइली, म्हणजे दाबून लहान केलेल्या संगणकाच्या फाइली, आल्या. मराठीत कपड्याच्या झिपेला आपण ‘चेन’ म्हणत राहिलो, त्यामुळे झिप बहुतांशी बॅगेला आणि संगणकाला उरली. अमेरिकेतला पिनकोड, तोही ‘झिप’, मात्र निव्वळ आद्याक्षरांचा. तो या कुटुंबात घुसवू नये.

‘क्लिक’ला मात्र मराठी पर्याय सुचवला गेला, आणि तोही आवाजाचाच: टिचकी. मराठी संकेतस्थळांवर ‘येथे टिचकी मारा’ दिसतं. शब्द म्हणून निवड उत्तम होती. बोटाचं काम, छोटा आवाज, दोन्ही जमलं. तरी बोलण्यात क्लिकच राहिला. कारण सोबतच्या क्रियापदात आहे असं मला वाटतं. टिचकी *मारावी* किंवा *वाजवावी* लागते, आणि मारलेली टिचकी कुणाच्या तरी डोक्याला, कॅरमच्या सोंगटीला लागते. क्लिक नुसता *होतो* किंवा *करतात*. ‘दोघांचं क्लिक झालं’ या अर्थापर्यंत टिचकी पोहोचूच शकली नसती. जाता जाता: हळहळ दाखवताना आपण जिभेनं ‘च् च्’ करतो, ती ध्वनिशास्त्रात क्लिकच आहे. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या झुलू, खोसा भाषांत असे ध्वनी व्यंजनं म्हणून येतात आणि सी, क्यू, एक्स या रोमन अक्षरांनी लिहितात. आपल्याकडे ते शब्दाच्या उंबरठ्याबाहेर राहिले.

आता तपासणीचं. शब्द आवाजाचा आहे असा संशय आला की पहिलं काम, त्याचं कुटुंब भरतं का ते पाहणं. खट, खटखट, खटकन, खटका, खटकणे, खटखटाट असे पाचसहा तरी सभासद हवेत. ‘टंकलेखन’ ऐकून टकटक आठवते, पण ‘टंक’ला ‘टंकटंक’ नाही, ‘टंकन’ आहे ते संस्कृत पद्धतीचं नाम. टंक म्हणजे छिन्नी. पाथरवटाची टाकी आणि टांकसाळ त्याच घरातले. कुटुंब जुळलं नाही की दावा पडला.

दुसरं, नक्कल कानाची आहे की डोळ्यांची, हे वेगळं करणं. लुकलुक, चमचम, डगमग यांना आवाज नाही. ‘फटफटी’ आवाजाची, ‘फटफटलं’ म्हणजे उजाडलं, ‘फटफटीत पांढरा’ म्हणजे निस्तेज पांढरा, या दोन्हींत फट आवाज शोधणं व्यर्थ. लिहिताना दिसायला सारखे, नोंदी वेगळ्या.

तिसरं, तारखा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८. दोन्हींत शब्द काढून अर्थांची यादी शेजारी शेजारी मांडावी. दाते-कर्व्यांत ध्वन्यनुकारी शब्दांपुढे कंसात ‘ध्व.’ असतं. पण ती खूण म्हणजे निकाल नव्हे, संपादकांचं मत. कोशांत जुना अर्थ आधी असेलच असंही नाही. प्रचलित अर्थ आधी देण्याची पद्धतही असते. म्हणून तारीख कोशाच्या क्रमावरून काढू नये, वाक्यांवरून काढावी.

चौथं, उलटी फसगत. काही शब्द आवाजातून आले पण घासून इतके बदलले की आता वाजत नाहीत. कबुतराचा फ्रेंच-इंग्रजी ‘पिजन’ लॅटिनमधल्या चिवचिवणाऱ्या पिलाच्या ‘पीपिओ’पासून आला, आज त्यात चिवचिव ऐकू येत नाही. आपली टिटवी मात्र संस्कृत ‘टिट्टिभ’पासून येऊनही वाजतेच आहे, कारण पक्षी रोज ओरडून शब्द दुरुस्त करत राहतो. त्यामुळे ‘वाजतो म्हणून नकलेचा’ आणि ‘वाजत नाही म्हणून नकलेचा नाही’ ही दोन्ही अनुमानं कच्ची.

हे सगळं झाल्यावर नोंद लिहायची ती घटनेच्या क्रमानं. ‘खटका’ची नोंद अशी लावता येईल: १. कठीण वस्तू आपटल्याचा किंवा सुटल्याचा एकवार आवाज. २. असा आवाज करून सुटणारा यंत्राचा भाग (कडी, सापळा, बंदूक). ३. वीजप्रवाह चालू-बंद करण्याची कळ, सोबत ‘दाबणे’. ४. अल्पकाळची चकमक, वाद, सोबत ‘उडणे’. ५. (संगीत) मुख्य स्वराभोवतीचा आघातयुक्त स्वरगुच्छ, सोबत ‘घेणे’. क्रमांक ३ हा २ च्या पोटात घालण्याचा मोह होतो. घालू नये. सापळ्याचा खटका एकदाच सुटतो आणि पुन्हा लावावा लागतो. विजेचा दोन्ही दिशांना चालतो, आणि ‘बंद’ हाही त्याचा एक नेमका अर्थ असतो. प्रत्येक अर्थाला छापील वाक्य जोडावं, आणि ते असं निवडावं की क्रियापद झाकून पाहिलं तर अर्थ डगमगेल. स्वतः बनवलेलं वाक्य हमखास फसतं, कारण आपल्याला अर्थ आधीच माहीत असल्यामुळे आपण त्यात नको तेवढा संदर्भ कोंबतो.